पुढच्या काचेला तडा गेला: भरून घ्यायचा की काच बदलायची?

निपाणीच्या एका दादांनी विचारलंय. वडिलांची तीन वर्षांची जर्मन एसयूव्ही आहे. हत्तरगी टोल ओलांडून वंटमुरी घाटाकडे येताना पुढच्या टिपरमधनं खडी उडाली आणि पुढच्या काचेला डाव्या बाजूला खाली रुपयाएवढा टवका पडला. दोन दिवसांनी गाडी धुतली, उन्हातनं आणून एसी फुल्ल लावला, आणि टवक्यातनं वीतभर तडा निघून काचेच्या काठाला टेकला. कंपनीच्या वर्कशॉपनं सव्वा लाखाच्या पुढचं इस्टिमेट दिलंय. इथला एक काचवाला त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात काच बसवून देतो म्हणतो. आणखी एकजण म्हणतो, बदलायची गरजच नाही, केमिकल भरून देतो. गाडीत काचेवर वेगाचा आकडा दिसतो, आरशामागं कॅमेरा आहे, आणि पुढच्या आठवड्यात घरच्यांना घेऊन चोर्ला घाटातनं गोव्याला जायचंय. काय करावं?

काच बदला. भरून देणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा. कंपनी की बाहेरचा काचवाला, हा प्रश्न त्यानंतरचा. त्याचं उत्तर दुकानाच्या पाटीवर ठरत नाही. कुठली काच येणार, कशानं चिकटवणार आणि कॅमेऱ्याचं काय करणार, या तीन गोष्टींवर ठरतं. मी बेळगावात उद्यमबागेत वर्षानुवर्षं हेच काम करतोय, त्यामुळं जरा सविस्तर सांगतो.

आधी काच म्हणजे काय ते. दाराची काच टफन्ड असते, फुटली की तिचा चुरा होतो. पुढची काच लॅमिनेटेड असते, म्हणजे दोन काचा आणि त्यांच्यामध्ये पीव्हीबी नावाचा पारदर्शक पडदा. साधारण गाडीत प्रत्येक काच 2 मिलिमीटरच्या आसपास आणि मधला पडदा 0.76 मिलिमीटर. खडी लागली की बाहेरची काच फुटते, पडदा धक्का झेलतो आणि आतली काच शाबूत राहते. म्हणून टवका भरता येतो. बाहेरच्या काचेतली पोकळी भरायची असते, बस्स. आतल्या बाजूनं नख फिरवून बघा. आतही खरखर लागली तर भरण्याचा विषयच संपला.

भरणं म्हणजे डाग झाकणं नव्हे. टवक्यावर एक छोटा स्टँड बसवतात, त्यातल्या इंजेक्टरनं आधी आतली हवा ओढून घेतात, मग रेझिन, म्हणजे ते भरायचं केमिकल, दाबानं आत सोडतात. तडा काळा किंवा चंदेरी दिसतो तो आत अडकलेल्या हवेमुळं. रेझिनचा प्रकाश वळवण्याचा गुण काचेच्या जवळपास असतो, त्यामुळं रेझिन पसरेल तसा काळेपणा डोळ्यांदेखत विरत जातो. एखादा पाय काळाच राहिला तर तिथं रेझिन पोचलेलं नाही, पुन्हा हवा ओढायला लागते. शेवटी वरच्या खड्ड्यात घट्ट रेझिनचा थेंब, त्यावर फिल्मचा तुकडा, युव्ही दिव्याखाली काही मिनिटं, आणि मग ब्लेडनं खरवडून सपाट करायचं. हे काम सावलीतच करावं लागतं, कारण उन्हात युव्ही असतोच आणि रेझिन आत पोचायच्या आधी घट्ट होतं. चांगलं भरलेलं काम हातभर अंतरावरनं पुसट ठिपक्यासारखं दिसतं. ठिपका पूर्ण जात नाही, आणि जाईल असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. तडा पुढं सरकू नये यासाठी भरायचं असतं.

आता तुमचा तडा का भरायचा नाही ते. तो काठाला टेकलाय. काचेच्या काठावर बनवतानाच ताण राहिलेला असतो, आणि तिथंच काच गाडीच्या सांगाड्याला चिकटलेली असते. एक चाक खड्ड्यात गेलं की सांगाडा किंचित पिळवटतो आणि तो पीळ काठावर येतो. काठापासून चार बोटांच्या आतला तडा भरला तरी टिकेल अशी खात्री मी देत नाही. त्यात तुमच्या तड्यात गाडी धुतल्याचं पाणी आणि शॅम्पू गेलाय. ओल आणि तेलकटपणा राहिला की रेझिन काचेला धरत नाही. टवका पडला त्याच दिवशी कोरड्या काचेवर साधी पारदर्शक चिकटपट्टी लावून आणली असती तर भरता आला असता. हे दोष द्यायला म्हणत नाही. हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या काचेला उद्या खडी लागेल, त्यांच्यासाठी सांगतोय: चिकटपट्टी लावा, धुऊ नका, एसीची हवा काचेवर सोडू नका, गाडी सावलीत लावा आणि दोन-तीन दिवसांत दाखवा. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये दुपारभर तापलेल्या काचेवर संध्याकाळी वळवाचा पाऊस पडतो. सकाळचा टवका रात्रीपर्यंत हातभर तडा झालेला असतो, आणि मालकाला वाटतं कुणीतरी दगड मारला. तसं काही नसतं. गरम काचेवर गार पाणी पडलं की बाहेरचा थर आकसतो, आतला आकसत नाही, आणि जिथं आधीच जखम आहे तिथनं काच उघडते.

भरता येईल असा टवका कोणता? गोल किंवा चांदणीसारखा, रुपयाच्या नाण्याखाली झाकला जाईल असा, काठापासून लांब, ड्रायव्हरच्या थेट नजरेसमोर नसलेला आणि कॅमेऱ्याच्या खिडकीपुढं नसलेला. नजरेसमोरचा ठिपका भरला तरी रात्री समोरच्या गाडीच्या लाइटमध्ये चमकतो. कॅमेऱ्यापुढं तर ठिपकासुद्धा चालत नाही. भरण्याचा खर्च काही हजारांच्या आत असतो, म्हणून अशा छोट्या टवक्यासाठी विम्याचा क्लेम टाकण्याआधी थांबून विचार करा. त्याबद्दल खाली लिहितो.

आता काच. तुमच्या गाडीच्या मॉडेलला एकच काच येते असं समजू नका. एकाच मॉडेलला, एकाच वर्षी, चार-पाच प्रकारच्या काचा असू शकतात: रेन सेन्सरवाली, कॅमेऱ्याच्या ब्रॅकेटवाली, आवाज कमी करणाऱ्या पडद्याची, उष्णता परतवणाऱ्या लेपाची, वायपरच्या जागी हीटरच्या तारा असलेली. तुमच्या गाडीत काचेवर वेग दिसतो म्हणजे हेड-अप डिस्प्ले आहे. त्या काचेतला पीव्हीबीचा पडदा वर जाड आणि खाली पातळ, पाचरीसारखा असतो. कारण आकडा काचेच्या दोन्ही पृष्ठभागांवरनं परावर्तित होतो, आणि पाचरीमुळं ती दोन प्रतिबिंबं एकावर एक येतात. साधी काच बसवली की 80 चा आकडा एकाखाली एक दोनदा दिसतो. मग ना सेटिंगनं जातो, ना सॉफ्टवेअरनं. काच परत काढायची आणि दुसरी आणायची, एवढाच उपाय. तिसऱ्या हिश्श्यात काच देतो म्हणणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारा: हेड-अपवाली आहे का? तो अडखळला तर उत्तर मिळालं असं समजा.

काच मागवताना मॉडेलचं नाव नको, चेसिस नंबर द्या. त्यावरनं पार्ट नंबर निघतो. जुन्या काचेच्या खालच्या कोपऱ्यातल्या शिक्क्याचा फोटो काढून ठेवा. त्यात काच बनवणाऱ्याचं नाव, गोलातलं इंग्रजी E अक्षर आणि आकडा, किंवा आयएसआयची खूण असते. गाडीची कंपनी काच स्वतः बनवत नाही. सेंट-गोबेन, एजीसी, पिलकिंग्टन, फुयाव असे मोजके कारखाने ती बनवून देतात. त्यामुळं त्याच कारखान्याची, त्याच प्रकारची, पण गाडीच्या कंपनीचा लोगो नसलेली काच मिळाली तर मी ती बिनदिक्कत बसवतो, आणि पैसे चांगले वाचतात. नाव नसलेली, शिक्का घासलेली काच मात्र कितीही स्वस्त असली तरी या गाडीला नको. अशा काचेत वाकणाच्या जागी लहर असते. काच बसवायच्या आधी ती उभी धरून तिच्यातनं लांबच्या विजेच्या तारेकडं बघा आणि डोकं हळूहळू हलवा. तार नागमोडी हलली तर ती काच परत पाठवा.

आणि चिकटवणं. माझ्या मते सगळ्यात जास्त फसवणूक इथंच होते, कारण बसवल्यावर वरनं काही दिसत नाही. पुढची काच नुसती वारा अडवत नाही. शेजारच्या सीटची एअरबॅग उघडते ती बऱ्याच गाड्यांत वर काचेला टेकून मग माणसाकडं वळते. गाडी उलटली तर छत दबू नये म्हणूनही काच आणि तिचा चिकटा भार घेतात. चिकटा सुटला तर एअरबॅग काचेला बाहेर ढकलते आणि माणूस उघडा पडतो. म्हणून युरेथेन नावाचा खास चिकटाच लागतो. बाथरूमला वापरतात ते सिलिकॉन इथं चालत नाही. ते पाणी अडवेल, पण काच धरून ठेवणार नाही. गेल्या पावसाळ्यानंतर खानापूरकडची एक गाडी आली होती, काच दुसरीकडं बसवलेली. वायपरखालचं कव्हर काढलं तर काठाला पांढरं सिलिकॉन, मी दोन अंगठ्यांनी दाबलं आणि काच हलली. त्या मालकानं दीड वर्षं कुटुंबाला त्याच गाडीतनं फिरवलं होतं.

नीट काम कसं दिसतं ते सांगतो, समोर उभं राहून बघा. वायपर, खालचं कव्हर, दोन्ही बाजूंच्या पट्ट्या सुट्या होतात, डॅशबोर्ड आणि बॉनेट झाकलं जातं. काच तारेनं किंवा ब्लेडनं कापून काढतात. फ्रेमवरचा जुना युरेथेन पूर्ण खरवडत नाहीत, एक-दोन मिलिमीटरचा पातळ थर ठेवतात, कारण नवा युरेथेन जुन्याला सगळ्यात घट्ट धरतो. कापताना रंगावर ओरखडा उठला तर तिथं प्रायमर लावून तो सुकू द्यायचा. हा ओरखडा आपल्या भागात फार महाग पडतो. कणकुंबी, जांबोटी, आंबोलीकडं पावसाळाभर गाडी ओलीच असते. उघड्या पत्र्यावर गंज धरतो, गंजानं युरेथेन उचलला जातो, आणि दोन पावसाळ्यांनंतर पाणी आत यायला लागतं. या गाड्यांत पायाखालच्या कार्पेटखाली वायरिंग आणि बऱ्याचदा कंट्रोल युनिट असतात. मग काचेचं बिल परवडलं म्हणायची वेळ येते.

नव्या काचेच्या काळ्या कडेवर क्लीनर, मग प्रायमर. प्रायमर लावल्यावर तिथं बोट लागता कामा नये, हाताचं तेलही पुरेसं असतं. युरेथेनची धार त्रिकोणी, उभी आणि एकसारखी पडली पाहिजे, मध्ये तुटली तर तिथनंच गळती. ट्यूबवरची एक्सपायरी वाचा, मागायला लाजू नका. युरेथेन हवेतल्या ओलाव्यानं पक्का होतो. म्हणून पावसाळ्यात लवकर धरतो, मार्चच्या कोरड्या हवेत वेळ घेतो. गाडी किती वेळानं चालवायची तेही त्या ट्यूबच्या माहितीत असतं, काहींना तास, काहींना अर्धा दिवस. मी गिऱ्हाइकाला गाडी शक्यतो दुसऱ्या दिवशी देतो. नेल्यावर दोन दिवस दारं आपटू नका आणि एक काच बोटभर उघडी ठेवा, नाहीतर बंद गाडीतली हवा दार लावताना नव्या काचेला बाहेर ढकलते. प्रेशरनं धुणंही दोन दिवस नको.

रेन सेन्सर काचेच्या आतल्या बाजूला पारदर्शक जेलच्या चकतीनं चिकटवलेला असतो. तो काचेत अदृश्य किरण सोडतो आणि परत किती आले ते मोजतो. बाहेर थेंब असले की किरण निसटतात, आणि वायपर सुरू होतात. जुनी जेल परत वापरली आणि आत बुडबुडा राहिला तर लख्ख उन्हात वायपर फिरायला लागतात किंवा पावसात थांबतात. नवी चकती मागा, काचेच्या मानानं ती अगदी स्वस्त असते.

आता कॅमेरा. लेन सोडली की इशारा देणारा, पुढं गाडी थांबली की ब्रेक लावणारा हाच. काच बदलली की तो पूर्वीच्याच कोनात बसला असं डोळ्यांनी सांगता येत नाही. एका अंशाचा फरक पडला तर 50 मीटरवर तो जवळपास 87 सेंटीमीटर बाजूला बघतो. हायवेची लेन साडेतीन मीटरची, म्हणजे पाव लेन सरकली. शेजारच्या लेनमधला ट्रक त्याला आपल्या पुढं वाटू शकतो आणि 100 च्या वेगात गाडी स्वतःहून ब्रेक मारू शकते. म्हणून कॅलिब्रेशन, म्हणजे कॅमेऱ्याची नजर पुन्हा बरोबर जुळवणं, करावं लागतं. काही गाड्यांना सपाट फरशीवर ठरावीक अंतरावर नक्षीची पाटी उभी करून, काहींना स्कॅनर जोडून स्पष्ट पट्टे असलेल्या रस्त्यावर चालवून, काहींना दोन्ही. त्याआधी टायरची हवा बरोबर करायची आणि डिकीतलं जड सामान काढायचं, कारण गाडीचा कल बदलला की कॅमेऱ्याचाही बदलतो. डॅशबोर्डवर दिवा लागला नाही म्हणजे सगळं ठीक, असं समजू नका. कॅलिब्रेशन झाल्याचा छापील रिपोर्ट मागा.

म्हणूनच माझा सल्ला असा. तुमचा काचवाला हेड-अपवाली काच पार्ट नंबरसकट दाखवत असेल, युरेथेन वापरत असेल आणि कॅलिब्रेशन कुठं करणार हे सांगत असेल, तर त्याच्याकडं करा. काच इथं बसवून कॅलिब्रेशन तुमच्या ब्रँडच्या वर्कशॉपमध्ये करून घेणंही चालतं, फक्त आधी त्यांना फोन करून विचारा की बाहेर बसवलेल्या काचेवर ते करून देतील का. यातलं एकही पटण्यासारखं मिळत नसेल तर सरळ कंपनीकडं जा. विमा असेल तर तसंही फार फरक पडत नाही.

विम्याचं थोडक्यात. फक्त थर्ड पार्टी असेल तर काचेचे पैसे मिळत नाहीत. कॉम्प्रिहेन्सिव्ह असेल तर साध्या पॉलिसीतही काचेवर घसारा कापत नाहीत. रबर-प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर 50 टक्के कापतात, आणि युरेथेन, क्लिपा अशा एकदाच वापरायच्या वस्तूंसाठी कन्झ्युमेबल्सचं वेगळं कव्हर लागतं. 1500 सीसीच्या वरच्या गाडीला 2,000 रुपये सक्तीनं स्वतः भरायचे. खरा हिशेब नो क्लेम बोनसचा आहे. पाच वर्षं क्लेम नसेल तर ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीसाठीच्या, हप्त्यात 50 टक्के सूट असते, आणि एक क्लेम टाकला की पुढच्या वर्षी ती शून्यावर येते. तीन वर्षं क्लेम नसेल तर तुमची सूट 35 टक्क्यांची. पॉलिसीवर ओन डॅमेजचा आकडा बघा, सूट गेल्यानं पुढच्या दोन-तीन वर्षांत किती जास्त भरावं लागेल ते मांडा आणि बिलाशी तोला. एवढ्या महाग काचेला क्लेम बहुतेक परवडतोच. टवका भरायला परवडत नाही, मात्र काही पॉलिसींमध्ये काचेची दुरुस्ती बोनसला धक्का न लावता होते, तेवढं एजंटला विचारा. आणि विमा कंपनीला कळवायच्या, त्यांचा सर्व्हे व्हायच्या आधी काच काढू नका. पॉलिसी देशभर चालते, त्यामुळं केए 22 किंवा केए 23 ची गाडी कोल्हापूर किंवा गोव्यात बसवली तरी अडचण नाही, फक्त ते वर्कशॉप कॅशलेस यादीत आहे का बघा.

फास्टॅगचं लोक विसरतात. जुन्या काचेवरनं तो सोलला की आतली अँटेना तुटते, परत चिकटवून उपयोग नाही. टॅग दिलेल्या बँकेकडनं बदली टॅग आधीच मागवून ठेवा, नाहीतर कोगनोळीला, हत्तरगीला किंवा हिरेबागेवाडीला जादा पैसे जातील. आणि तुमच्या काचेला उष्णता परतवणारा धातूचा लेप असेल तर टॅग कुठंही लावून चालत नाही, लेपातनं सिग्नल जात नाही. आरशाजवळ ठिपक्यांची किंवा वेगळ्या छटेची जागा असते, तिथं लेप मुद्दाम सोडलेला असतो. टॅग तिथंच लावा, पण कॅमेऱ्यापुढं नको. नव्या काचेवर काळी फिल्म लावून देतो म्हणणाराही भेटेल. पुढच्या काचेतनं किमान 70 टक्के प्रकाश आत आला पाहिजे असा नियम आहे, आणि रेन सेन्सर व कॅमेऱ्यासाठीही फिल्म नकोच.

गोव्याचं म्हणाल तर काच बदलून, कॅलिब्रेशन होऊन दोन दिवस झाले असतील तर खुशाल जा. हेड-अपवाली काच कधीकधी मागवूनच घ्यावी लागते आणि पुढच्या आठवड्यापर्यंत आलीच नाही, तर ही गाडी चोर्ल्यात घालू नका. तिथले खड्डे, वळणं आणि घाटातली गार-गरम हवा, सगळंच तड्याला वाढवणारं. घरची दुसरी गाडी न्या किंवा भाड्यानं करा. तोवर ही गाडी निपाणीतल्या निपाणीत हळू चालवा, तड्यावर पट्टी लावा, आणि डाव्या सीटवर कुणाला बसवू नका.